वाळवंटी रुई

सवत घरी आली ती लिफ्टनं. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात उभी राहून, बुंध्याला हिरवा खण गुंडाळून, वॉचमन आणि माझा मुलगा अजय यांच्या आधारानं ती नारायणगुड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आली आणि माझ्या कुंड्या बाजूला सारून बाल्कनीत बरोबर उन्हाच्या जागी बसवली गेली. मी तेव्हा घरात नव्हते. मी त्या नव्या, खाजगी इस्पितळात होते, ज्याच्या स्वागतकक्षात कारंजं आहे, आणि तिथला माझ्या मुलाच्या वयाचा डॉक्टर मला सांगत होता की छातीतली गाठ चांगली नाही, सोमवारी काढू. एकटीच होते मी. अजयला ऑफिसातून निघता येत नव्हतं, सन दोन हजार उजाडलं की अमेरिकेतली कॉम्प्युटरं बंद पडणार होती म्हणे, आणि ती बंद पडू नयेत म्हणून माझा मुलगा दोन वर्षं आधीपासून ऑफिसात रात्रंदिवस बसला होता. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माधवरावांना, त्र्याहत्तराव्या वर्षी इस्पितळाच्या वासानं गरगरतं. तेव्हा मी एकटीच रिक्षानं गेले, एकटीच ऐकलं, एकटीच परत आले, आणि दार उघडताच नणंदबाईंनी मला सांगितलं, "उषे, ती आलीय. आता सोमवारचं बिलकुल परेशान होऊ नकोस. तुझ्यावरचं सगळं ती घेईल." झुडूप आणायला अजयनं अर्धी सुटी काढली होती. झुडपासाठी त्याला सुटी मिळाली. हे कळल्यावर मी चपला न काढता तशीच दिवाणखान्यात उभी राहिले आणि मला इतका राग आला की गाठ कुठल्या बाजूला आहे तेही क्षणभर आठवेना.

सवत म्हणजे रुईचं झुडूप. बाहेरच्याला हे सांगायचं तर मला आजही लाज वाटते, लाज त्यांची नव्हे, माझी, की मी हे चालू दिलं. आमच्यात पुरुषाचं तिसरं लग्न अशुभ. तिसरी बायको टिकत नाही म्हणतात. म्हणून ज्याच्या दोन बायका गेल्या त्यानं तिसरं लग्न रुईशी लावायचं, अर्कविवाह करायचा, म्हणजे जे काही अरिष्ट यायचं ते झुडपाच्या माथी जातं, आणि मागाहून जी बाई घरात येते ती हिशेबानं चौथी. यांची पहिली, शांता, बाळंतपणात गेली. दुसरी, गंगू, विषमज्वरानं. मग माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हे मुंडावळ्या बांधून माधापूरच्या आमच्या माळावर गेले. हैदराबादेच्या पश्चिमेला तेव्हा नुसते काळे धोंडे आणि सीताफळीची रानं होती, आणि निजामाच्या वेळेपासून आमच्या सासऱ्यांच्या नावावर असलेल्या त्या तुकड्यात एक रुई होती. घरचे जुने मुनशी नामदेवराव तिचे बाप झाले. त्यांनी कन्यादान केलं, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, आणि ॲडव्होकेट माधवरावांनी, ज्यांची उर्दूतली जिरह, म्हणजे उलटतपासणी, ऐकायला नामपल्लीच्या कोर्टात माणसं मुद्दाम येऊन बसत, झुडपाला सूत गुंडाळलं आणि गळ्यात मणी बांधला. दुसऱ्या दिवशी माझ्याशी लग्न केलं. चौथी, असं भामावन्सं, म्हणजे यांच्या मोठ्या बहीण, सगळ्यांना माझी ओळख करून देत. त्यात कुचेष्टा नसे. उलट सुटकेचा आनंद असे, ही चौथी आहे, हिला काही होणार नाही. वन्सं बालविधवा, आयुष्य याच घरात काढलेल्या, दोन्ही भावजयांना त्यांनी स्वतःच्या हातांनी न्हाऊमाखू घालून पोचवलेलं. त्यांची भीती मला कळत होती. पण कळणं आणि सोसणं यांत फरक आहे, आणि तीसबत्तीस वर्षं मी तो गिळत आले.

आणि झुडूप रुईचंच असावं, हा तर नशिबाचा खास माझ्यासाठी राखलेला चिमटा. मी उस्मानियात वनस्पतिशास्त्र शिकले. एम.एस्सी.च्या वर्षी आमची सहल जोधपूरला गेली होती, थरच्या वाळवंटात, एकसष्ट साली, आम्ही तीन मुली आणि बाकी मुलगे, डोक्याला ओले पंचे बांधून. जिकडे बघावं तिकडे वाळू आणि वाळूत रुई. आमच्या सरांनी वहीत मोठ्या रुईचं नाव लिहायला सांगितलं, कारण हैदराबादेत आम्ही तीच शिकलो होतो, शनिवारी मारुतीच्या गळ्यात असते ती. मी नाव लिहीत होते, पण दुसऱ्या हातात कळी होती आणि हाताला ती पटत नव्हती. मोठ्या रुईची कळी कोनदार असते, चिमटीत धरली की पाच बाजू लागतात आणि टोकाशी निमुळती होते. ही साफ गोल होती, वाटाण्यासारखी. मग फूल पाहिलं. मोठ्या रुईचं फूल फिकट जांभळं, सपाट उमलतं, पाकळ्या मागे वळतात. हे लहान, पाकळ्या उभ्या, पेल्यासारखं, बाहेरून पांढरं आणि आत टोकांना गडद जांभळा डाग, शिवाय मंद वास. मी सरांना म्हटलं, सर, ही वेगळी जात आहे. सरांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं, आणि सगळ्यांना वह्यांत खाडाखोड करायला लावली. त्या संध्याकाळी गाडीत मला वाटलं, आपल्याला आयुष्यात काय करायचं ते सापडलं. या दोन जाती, त्यांच्या सीमा कुठे भिडतात, वाळवंटी रुई दख्खनच्या पठारावर किती आत शिरलीय, दोघी शेजारी वाढल्या तर काय होतं. सर म्हणाले, लिही, मी पाठवतो. मग वडील गेले, धाकट्या बहिणी होत्या, आणि हे स्थळ आलं. नोकरी करायला हरकत नाही, असं या मंडळींनी मोठ्या मनानं सांगितलं, कॉलेज चालेल, जोधपूर नक्को. मी नारायणगुड्याच्या कॉलेजात मुलींना तीस वर्षं पानाचे प्रकार शिकवले. प्रबंध राहिला. राहिला म्हणजे काय, मीच बांधून माळ्यावर ठेवला आणि वर कधी पाहिलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या रथसप्तमीला मला सवतीला भेटायला नेलं. टांग्यानं अर्ध्या वाटेपर्यंत आणि पुढे पायी. वन्संनी तिला हळदकुंकू लावलं, खण बांधला, नारळ ठेवला, मग त्याच कोयरीतलं कुंकू मला. आधी ती, मग मी. मला वाकायला सांगितलं, थोरली आहे म्हणाल्या. मी वाकले, आणि वाकल्यावर समोर कळी होती, माझा हात आपसूक गेला. पाच बाजू, निमुळतं टोक. मोठी रुई. सवतीला पहिल्यांदा भेटून मी तिची जात ओळखून परत आले, असं माझ्याखेरीज या जगात कोणी केलं नसेल. टांग्यात मी हे यांना सांगितलंही, हसत, नवीन नवरी असते तशी, वाटलं विचारतील, दुसरी कुठली असते. यांनी मान डोलावली आणि टांगेवाल्याला घोडा सावकाश हाकायला सांगितलं. दरवर्षी खण, दरवर्षी नारळ. खोड वाळायचं, मुळातून पुन्हा फुटायचं, रुई अशी सहज मरत नाही. वन्सं म्हणत, बघ, पुन्हा आली, तुझ्यासाठी आली. अजयच्या वेळी मला फार रक्त गेलं. सिकंदराबादच्या दवाखान्यात मी पांढरीफटक पडून होते, डॉक्टरणीनं आशा सोडली होती, आणि मी राहिले. शुद्धीवर आले तेव्हा शेजारी नर्स होती. हे कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, येऊन जातो म्हणून गेलेत. हे माधापूरला गेले होते. झुडपाला साडी नेसवायला. संध्याकाळी परत आले ते पायांना लाल धूळ लागलेली, चेहरा उजळलेला, आणि मला म्हणाले, तिनं ऐकलं. मी जगले होते, माझ्या रक्तानं, माझ्या हाडांनी, दातओठ खाऊन मी जगले होते, आणि श्रेय रानातल्या झुडपाला गेलं. पुढे कावीळ झाली, श्रेय तिला. बस उलटली आणि माझा नुसता हात मोडला, श्रेय तिला. मला कधी साधं असंही कोणी म्हटलं नाही की उषा, तू चिवट आहेस.

माधापूरची जमीन गेल्या वर्षी विकली. तिथे आता काचेच्या इमारती होणार, गोल मनोरा होणार, रोज पेपरात फोटो. वन्संनी एवढंच कबूल करून घेतलं होतं की झुडपाचा कोपरा शेवटी मोकळा करा, आधी सांगा. या आठवड्यात बिल्डरचा फोन आला, आणि माझं इस्पितळही याच आठवड्यात. वन्संच्या डोक्यात दोन्ही एकत्र झालं. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई, डोळ्यांत मोतीबिंदू, जिना उतरवत नाही, त्यांनी अजयला समोर बसवून घेतलं आणि शपथ घातली की आईचा जीव हवा असेल तर ती मुळासकट घरी आण. आणि अजयनं, जो मला सांगतो की मम्मी, सगळं जग बदलतंय, त्यानं मुकाट्यानं आणली.

चपला काढून मी बाल्कनीत गेले. काय बघायला गेले कोण जाणे. बहुतेक तिला दोन शब्द सुनवायला. खणाची गाठ वन्संनी मारली होती, कुंकू अजून ओलं होतं, पिंपातली माती लाल, पाणी इतकं घातलेलं की खालून ओघळ निघाला होता. पानं तीच, करडी, कापसासारखी लव असलेली, तोडली की दूध येणारी. झेंड्याच्या शेंड्याला असावा तसा वरच्या टोकाला फुलांचा झुबका. माझा हात गेला. मी सांगते, हातच गेला, मी नव्हे. चिमटीत कळी आली आणि ती गोल होती. मी दुसरी धरली. गोल. चश्मा वर करून फूल डोळ्यांशी नेलं. उभ्या पाकळ्या, पेला, आत जांभळे डाग, मंद वास. मी तिथेच वेताच्या मोढ्यावर बसले. ही ती नव्हतीच. ही वाळवंटातली. सडका झाल्या, क्रशर आले, ट्रकांच्या चाकांमागे धुळीतून ही पुढे पुढे सरकत आली, जिथे जमीन उकरली जाते तिथे ही उगवते. माधापूरच्या माळावर शेवटच्या दोनचार रथसप्तम्यांना मी तिला पाहिलंही होतं, मूळ झुडपापासून थोडी अलीकडे, कोवळी, आणि मनात नोंद केली होती, आलीस का इथवर, अशी. मूळ झुडपाभोवती चौथरा होता, त्याचे दगड कोणी पळवले होते. अजयच्या माणसांनी रस्त्याला जवळची रुई उचलली. यांची लग्नाची बायको तिकडेच राहिली होती. आधी मला हसू आलं. पोटातून, बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं तसं. मग ते हसू मधेच कुठेतरी वळलं आणि मी आत गेले.

तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले होते. माझा रिपोर्ट काय आला हे अजून कोणी विचारलं नव्हतं, कारण आता विचारायची गरज नव्हती, बंदोबस्त झाला होता. मी सांगितलं, सोमवारी ऑपरेशन, आणि बाल्कनीत आहे ती ती नव्हे. अजय म्हणाला, "मम्मी, रुई म्हणजे रुई ना. तो मेस्त्री पण जिल्लेडु जिल्लेडुच बोलला." मी म्हटलं तेलुगूत जिल्लेडु दोन्हींना म्हणतात, मनुष्य म्हटलं की तूही आणि तुझा साहेबही. फरक काय तो मी सांगितला, वर्गात सांगते तसा, कळी, पाकळी, वास, फळ. माझा आवाज चढला होता. अजय घड्याळाकडे बघत होता. वन्सं काहीच न कळून एकदा माझ्याकडे आणि एकदा बाल्कनीच्या उजेडाकडे तोंड करत होत्या. आणि हे, माधवराव, हातातली वाटी खाली ठेवून, कोर्टात विचारत तसं विचारते झाले, "तुला खात्री आहे?"

तीस वर्षं मी झाडं शिकवली. हैदराबादच्या अर्ध्या शाळांत बायॉलॉजी शिकवणाऱ्या बाया माझ्या हाताखालून गेल्या. हे घर त्या पगारावरही चाललं, यांची वकिली बसली तेव्हा. आणि खात्री आहे का. मी बाल्कनीत जाऊन दोन कळ्या खुडल्या, दूध बोटांवर, फरशीवर सांडलं, वन्सं ओरडल्या, तिला तोडू नको गं. मी कळ्या यांच्या ताटाशेजारी ठेवल्या आणि म्हटलं, ही तुमची बायको नाही, ही कोण कुठली बाई घरात आणून बसवलीय. अजय एकदाचा उठला, किल्ल्या घेतल्या, बघून येतो म्हणाला. मनात आलं, माझ्या रिपोर्टासाठी हा असा उठला असता तर. संध्याकाळी परत आला. तिथे सगळं सपाट केलंय म्हणाला. आणखी एक रुई होती, हौ, जेसीबीवाला सांगत होता, मोठी होती, मुळं फार खोल होती म्हणाला, आपण निघाल्यावर लगेच काढून ट्रकात भरली.

वन्सं खुर्चीत बसल्या होत्या त्या एकदम लहान दिसायला लागल्या. मला वाटलं झुडपासाठी रडतील. त्यांनी हवेत हात पुढे केला, मी कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं, आणि म्हणाल्या, "मग आता तुझ्यासाठी कोण गं, उषे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी आहे."

मला हे वाक्य शांतपणे म्हणायचं होतं. ते किंचाळल्यासारखं झालं. वन्संचा हात तसाच राहिला आणि मला त्यांचा रागही आला आणि त्या हाताचाही, की हा हात तीस वर्षं माझ्याकडे येताना आधी माधापूरला जाऊन का येत होता. पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही घरात झालं नसतं. वन्संनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की सोमवारला अजून अवकाश आहे, गुरुजींना बोलवा, माधवचं हिच्याशी लावून टाकू, इथेच, बाल्कनीत. त्र्याहत्तर वर्षांचा नवरदेव आणि पिंपातली नवरी. मी यांच्याकडे पाहिलं. आता तरी हे हसतील, मला वाटलं, एकदा तरी माझ्याबरोबर हसतील. पण हे विचारात पडले होते. चश्मा पुसत म्हणाले, "ग्रंथात नुसतं अर्क म्हटलंय. लहान-मोठी असा भेद तिथे नाही."

"ग्रंथाला भेद कळत नसेल," मी म्हटलं. "मला कळतो. तुम्हाला कळला का कधी?"

"कसला?"

"शांता, गंगू आणि उषा यांच्यातला."

अजय बाल्कनीकडे निघून गेला. त्याला हे ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, त्या दोघींची मला कधी असूया वाटली नाही, उलट तुमच्यापेक्षा मीच त्यांचा जास्त विचार केला असेल. त्या पहिली आणि दुसरी, झुडूप तिसरी आणि मी चौथी, एकामागे एक उभ्या केलेल्या बाया, आणि तुम्ही फक्त मोजलंत. आजारात तुम्ही मला गंगू म्हणून हाक मारता आणि शुद्धीत नुसतं अगं. मला काय आवडतं सांगा. मी कशाला घाबरते सांगा. सोमवारी मला भूल देतील तेव्हा मी काय म्हणत असेन सांगा. कोर्टात समोरच्याच्या आज्याचं नाव लक्षात ठेवणाऱ्या माणसाला हे येणार नाही असं नाही, तुम्ही कधी बघितलंच नाहीत, कारण बघायचं काम झुडपाकडे होतं. मी बोलत राहिले. काय काय बोलले सगळं आठवत नाही. जोधपूरही बोलले. सरांनी मागून पाठवलेलं पत्र मी उत्तर न देता ठेवलं तेही. हे खाली बघत होते. देवघराशेजारी त्या दोघींचे फोटो आहेत, तिकडे एकदा नजर गेली, आणि म्हणाले, गंगू हसायचीच नाही. दुसरेपणाची आहे म्हणून घाबरून असायची. एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले. मला वाटलं होतं की सगळं बोलल्यावर राग उतरेल. उतरला नाही. नुसता मोकळा झाला आणि घरभर हिंडू लागला.

शुक्रवारी मी माझं कपाट आवरलं, मी गेले तर अजयला सोपं जावं म्हणून नव्हे, माझ्या सोयीसाठी. खिडकीतून समोरची नवी इमारत दिसत होती, तिच्या काचेत आमची बाल्कनी आणि बाल्कनीत ती. गुरुजींना कोणी बोलावलं की नाही, मी विचारलं नाही. बाल्कनीत जाऊन मी तिचा खण सोडला. ओला झाला होता. वन्संनी चाहुलीवरून ओळखलं आणि काय करतेस विचारलं. मी म्हटलं, हिचं कुणाशी लग्न झालेलं नाही वन्सं, हिला खण बांधू नका, आणि पाणी घालू नका इतकं, वाळवंटातली आहे, पाण्यानं मरेल. वन्संनी विचारलं, वाळवंटात काय पिऊन राहते ती. मी सांगितलं, मुळं खाली खाली जातात, जिथे ओल असेल तिथवर. वन्सं म्हणाल्या, असं होय. आमच्या दोघींत रुईबद्दल झालेलं हे पहिलं सरळ बोलणं.

शनिवारी सकाळी हे घरात नव्हते. काठी नव्हती, चपला नव्हत्या. एकटे घराबाहेर पडत नाहीत हल्ली, आणि मी आधी घाबरले, मग घाबरल्याबद्दल स्वतःवर चिडले. दहाच्या सुमाराला ऑटोवाल्याचा हात धरून वर आले. नामपल्लीच्या मारुतीपाशी गेले होते. पिशवीतून रुईची माळ काढली, मारुतीला न घातलेली, कोरी. टेबलावर कालचा पेपर पसरला, माळेतल्या कळ्याफुलं एका बाजूला ठेवली, बाल्कनीत जाऊन दुसरीची खुडून आणली, दूध शर्टाला लागलं, आणि खुर्चीत बसून म्हणाले, "सांग. सावकाश सांग."

मला खरं तर ते टेबल उलटं करावंसं वाटलं. तीस वर्षांनी. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी. पण समोर बसलेल्याला शिकवायची सवय माझ्या हाडात आहे, ती रागाहून जुनी आहे. मी उभी राहून सांगितलं, पहिल्या वर्षाच्या मुलींना सांगते तसं, जरा जास्तच कडक. ही सपाट, ही पेला. ही बिनवासाची, ही हुंगा. हुंगा म्हटलं ना. त्यांनी हुंगलं. मग मी म्हटलं, डोळे मिटा, आणि त्यांच्या तळहातावर कळी ठेवली. नखं वाढलेली, त्यांनी कळी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, लहान. पण ती मोठी होती. चूक, मी म्हटलं. दुसरी ठेवली. म्हणाले, मोठी. चूक. अंदाजानं सांगू नका, बाजू मोजा. ते बाजू मोजू लागले, ओठ हलत होते. आतून वन्संनी हाक मारली की गुरुजी फोनवर आहेत, उद्याची वेळ विचारतात. यांनी डोळे उघडले नाहीत. "नक्को म्हणावं," ते म्हणाले. "म्हणावं, इथे एकच बायको आहे." आणि चुकीचंच उत्तर दिलं पुन्हा.

मी त्या दिवशी त्यांना पास केलं नाही. का करू. एका सकाळीनं काय फिटतं.

सोमवारी अजयनं सुटी घेतली होती, न सांगता, आणि गाडी खाली लावून माझी बॅग घेऊन दाराशी उभा होता. वन्सं सकाळपासून न्हाऊन बसल्या होत्या. कोयरी हातात घेऊन त्या सवयीनं बाल्कनीकडे निघाल्या, चार पावलं गेल्या, आणि मधेच थांबल्या. उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी बघत होते. ठरवलं होतं की बोलायचं नाही. मग त्या वळल्या, भिंतीला हात लावत माझ्या दिशेनं आल्या, आणि त्यांचा हात आधी माझ्या खांद्याला लागला, मग गालाला, मग कपाळाला. बोटांनी त्यांनी माझं नाक, भुवया, हनुवटी, सगळं चाचपलं, पिठाचा वास येणाऱ्या त्या खरबरीत बोटांनी.

"उषाच ना गं?"

"हो, वन्सं. उषाच."

त्यांनी कुंकू लावलं. जरा वाकडं लागलं असणार, मी पुसलं नाही. त्यांच्या पाया पडताना माझ्या मनात जे आलं ते नुसतं प्रेम होतं असं मी म्हणणार नाही.

लिफ्टमध्ये मी, हे आणि बॅग घेऊन अजय. इस्पितळाच्या वासानं गरगरतं तर घरीच राहा, मी यांना दोनदा सांगितलं होतं. ते आले. दार बंद झालं आणि लिफ्ट खाली निघाली तसा यांनी खिशात हात घातला, मूठ बाहेर काढली, डोळे मिटले आणि चिमटीत काहीतरी धरून हळूहळू फिरवू लागले. सुकलेली कळी होती. दोन दिवस खिशात ठेवली असावी. ओठ हलत होते, एक, दोन, तीन. अजय आमच्याकडे बघत होता आणि त्याला काही कळत नव्हतं.

"लहान," हे म्हणाले.

मी कळीकडे पाहिलं. पाच बाजू होत्या, टोकाशी निमुळती.

"चूक," मी म्हटलं. "परत आल्यावर पुन्हा विचारीन."